भारतीय तिकिटांची शंभरी: १९५४ च्या चार तिकिटांची पारख, पाकिटं आणि जपणूक

आणेपै

१ ऑक्टोबर १९५४ ला टपाल खात्याने चार तिकिटं काढली: १ आणा, २ आणे, ४ आणे आणि १४ आणे. अखिल भारतीय टपाल तिकिटांना त्या दिवशी शंभर वर्षं झाली होती. १ आण्यावर १८५४ ची टपालवाहतूक आहे, ४ आण्यांवर १९५४ ची. २ आणे आणि १४ आण्यांवर कबूतर आणि विमान. छपाई नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची, फोटोग्राव्हर पद्धतीने (बारीक खळग्यांत शाई भरलेल्या सिलिंडरवरून होणारी छपाई). या पद्धतीची तिकिटं नाशिकला १९५२ च्या संत-कवी मालिकेपासून निघू लागली होती, म्हणजे तंत्र अजून नवंच होतं.

हा संच स्वस्त मिळतो. त्यामुळे बहुतेकांच्या अल्बममध्ये तो एका ओळीत लावलेला असतो आणि त्यावर पुन्हा कुणाची नजर जात नाही. माझ्या मते स्वतंत्र भारताची तिकिटं अभ्यासून जमवायची असतील तर सुरुवातीला याहून चांगला संच नाही. छपाईतले बारकावे, जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण), दर, शिक्के, पाकिटं, सगळं यात आहे आणि चूक झाली तरी खिसा फार रिकामा होत नाही. फक्त सुटी कोरी तिकिटं घेऊन थांबू नका. या संचाची खरी गोडी वापरलेल्या पाकिटांत आहे.

ज्यांना जे नेमकं माहीत आहे ते इथे लिहावं. किमतींची चर्चा नको, त्या बदलत राहतात.

चिमटा_भिंग

मूळ प्रश्न आधी. टपाल तर १८५४ च्या आधीही होतं. कलकत्त्याचं जनरल पोस्ट ऑफिस १७७४ चं, सिंधची तिकिटं १८५२ ची. मग शंभरी १९५४ ला का?

आणेपै

सिंधची तिकिटं तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ ला आणली. आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं ती, पण सिंध प्रांतापुरती. मूल्य अर्धा आणा, आकार गोल. आधी लाखेसारखी लाल चकती होती, ती हाताळताना तुकडे होऊन पडायची. मग पांढऱ्या कागदावर उठावाचा ठसा केला, तर तो दिव्याच्या उजेडात दिसेना. शेवटी तोच ठसा निळ्या रंगात काढला. सप्टेंबर १८५४ अखेर ती बंद झाली. १९५२ साली त्यांची शंभरी पाकिस्तानने साजरी केली, ३ आणे आणि १२ आण्यांची दोन तिकिटं काढून. सिंध तिकडे गेल्यामुळे ते बरोबरच होतं.

१८५४ चं महत्त्व कायद्यामुळे आहे. त्या वर्षीच्या १७ व्या कायद्याने सगळ्या देशाला एकच दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, पत्र मुंबईहून ठाण्याला जावो की पेशावरला. त्याआधी पैसे अंतरावर ठरायचे. म्हणून १९५४ चा संच हा टपाल सुरू झाल्याचा नाही, तिकिटांचा आणि एकसमान दराचा वर्धापन आहे. २००४ मध्ये खात्याने १५० वर्षांची तिकिटं आणि मिनिएचर शीट (तिकिटांचा छोटा सजवलेला ताव) काढली, तीही १८५४ हेच आरंभवर्ष धरून.

शिळाछाप

१८५४ च्या मूळ तिकिटांबद्दल लिहितो, कारण शंभरीच्या संचाशेजारी त्यातलं एखादं तरी ठेवावं असं प्रत्येकाला वाटतं आणि तिथेच जास्त फसवणूक होते.

अर्धा आणा, १ आणा आणि ४ आणे ही तिकिटं कलकत्त्याला सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत शिळाछपाईने निघाली. काम कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली चाललं. अर्धा आणा आधी शेंदरी छापला होता. त्याची शाई इंग्लंडहून यायची, ती संपली आणि देशी शेंदरी रंगाने छपाईचे दगड खराब होऊ लागले. म्हणून निळा रंग घेतला. त्या शेंदरी तिकिटाच्या नक्षीत साडेनऊ कमानी आहेत, निळ्यात आठ. शेंदरी तिकीट छापलं गेलं, पण विक्रीला आलं नाही. २ आण्यांचं हिरवं तिकीट वेगळंच: कलकत्ता टांकसाळीत तांब्याच्या ठशांवरून छापलेलं.

४ आण्यांचं तिकीट दोन रंगांत, म्हणजे दोनदा यंत्राखालून: चौकट लाल, राणीचं मस्तक निळं. काही ताव दुसऱ्या खेपेला उलटे गेले आणि मस्तक उलटं छापलं गेलं. जगातल्या सुरुवातीच्या उलट-छपाई चुकांपैकी ही एक, आणि याच्याच नकला सगळ्यात जास्त.

पारखताना क्रम असा ठेवा:

आधी कडा बघा. १८५४ च्या तिकिटांना छिद्रं नव्हती, ती कात्रीने कापायची. दातेरी कडा असलेलं १८५४ चं तिकीट म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. मग दहापट भिंगाखाली रेघ बघा. शिळाछपाईत रेघ सलग आणि सपाट असते. हल्लीच्या ऑफसेट नकलेत रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. त्यानंतर कागद. मूळ तावात ईस्ट इंडिया कंपनीच्या राजचिन्हाचं मोठं जलचिन्ह होतं, एका तावाला एकच. त्यामुळे एका तिकिटावर त्याचा लहानसा तुकडा येतो किंवा काहीच येत नाही. जलचिन्ह दिसलं नाही म्हणून तिकीट नकली ठरत नाही आणि अख्खं राजचिन्ह एका तिकिटावर दिसलं तर मात्र नक्की नकली.

४ आण्यांचं तिकीट बरेचदा अष्टकोनी कापलेलं मिळतं. खरं असलं तरी चारही बाजूंना समास असलेल्याच्या तुलनेत त्याला मागणी खूप कमी. नवशिक्याने निळा अर्धा आणा घ्यावा. चारपैकी तोच सगळ्यात सहज मिळतो.

वीणा_पुणे

१९५४ च्या संचाला जलचिन्ह कोणतं? माझ्याकडे दोन आहेत, उजेडासमोर धरले तर एकात काहीच दिसत नाही. जलचिन्ह दिसावं म्हणून काही जण तिकिटावर बेंझिन टाकतात, ते वापरावं का?

नाशिकरोड

नको! बेंझिन अजिबात नको. फोटोग्राव्हरची शाई त्यात सुटते. तिकीट वरून ठीक दिसेल, पण रंगाची चमक जाते आणि ती परत येत नाही. जुन्या उठाव-छपाईच्या किंवा ठशांच्या तिकिटांसाठी दिलेला सल्ला लोक सरसकट सगळीकडे वापरतात, त्यातून हे नुकसान होतं.

या संचाचं जलचिन्ह अनेक ताऱ्यांचं आहे. अशोकस्तंभाचं जलचिन्ह नंतर, १९५८ पासून आलं. बघायची पद्धत: काळा गुळगुळीत ट्रे किंवा काळा पुठ्ठा घ्या, तिकीट पालथं ठेवा, खोलीतले दिवे बंद करून टॉर्च टेबलाच्या पातळीला जवळजवळ आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. ज्या दिशेने ताऱ्याची कड सावली टाकते त्या दिशेला तो स्पष्ट दिसतो. वापरलेल्या तिकिटावर जाड शिक्का असेल तर शिक्क्याबाहेरचा कोपरा बघा. तरी दिसत नसेल तर मागे जुना हिंज (तिकीट अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी) किंवा कागदाचा थर राहिला आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तोच असतो.

तारा दिसला की त्याचं टोक वर आहे, खाली आहे की आडवं, तेही टिपून ठेवा. आपल्याकडे ही नोंद फारसं कुणी करत नाही.

छिद्रांचं माप: गेज म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं. तिकीट गेजवर ठेवून ते वर-खाली सरकवा आणि ज्या ओळीत सगळे दात एकदम जुळतात तो आकडा घ्या. पहिला दात जुळला म्हणून थांबू नका, शेवटचाही जुळला पाहिजे. आडव्या आणि उभ्या कडा वेगवेगळ्या मोजा. कॅटलॉगच्या आकड्यापेक्षा फार फरक आला तर कुणी नवी छिद्रं पाडली आहेत का हे तपासा. तावाच्या कडेच्या तिकिटाला एका बाजूने छिद्रं नसली तर त्याला ‘विनाछिद्र’ म्हणून विकायचा धंदाही चालतो. खरं विनाछिद्र तिकीट जोडीत घ्यावं, सुटं नाही.

आणेपै

वरच्यात एक भर. फोटोग्राव्हर भिंगाखाली ओळखायला सोपा: रंग बारीक जाळीच्या घरांत बसलेला असतो आणि अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या दिसतात. १९५४ चं तिकीट भिंगाखाली तीन-चार वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांचं दिसलं तर ते नंतरच्या काळातलं चित्र आहे.

कुडाळकर_सुधा

घरात जुन्या पत्रांचा गठ्ठा आहे, १९५० ते ६० मधला. त्यावर ही शंभरीची तिकिटं आहेत. पाण्यात भिजवून काढू का?

पाकीटपंथी

ताई, थांबा! कात्री आणि पाणी दोन्ही लांब ठेवा. त्या पाकिटावरचं तिकीट सुटं काढलं की त्याचं मोल जवळजवळ संपतं. पाकीट पूर्ण राहिलं तर त्यातून कितीतरी गोष्टी कळतात.

काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, दर. तेव्हा साध्या पत्राला २ आणे लागायचे, त्यामुळे २ आण्याचं एकच तिकीट असलेलं साधं पत्र सगळ्यात जास्त सापडेल. १ आण्याची दोन तिकिटं लावलेलं पाकीट त्यापेक्षा कमी. १४ आणे साध्या पत्राला लागतच नाहीत, म्हणून ते तिकीट खऱ्या टपालात, योग्य दराने वापरलेलं दिसलं तर ते पाकीट पहिल्या फळीत ठेवा. चारही तिकिटं एका पाकिटावर असतील तर ते संग्राहकाने मुद्दाम केलेलं असण्याची शक्यता जास्त. ते वाईट नाही, पण त्याला रोजच्या टपालाचा नमुना म्हणू नका.

दुसरं, शिक्का. गाव आणि तारीख वाचता येते का? पाठीमागे पोचल्याचा शिक्का आहे का? दोन्ही शिक्क्यांतले दिवस त्या अंतराला पटणारे आहेत का?

तिसरं, १९५७ चं संक्रमण. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आण्यांची तिकिटं काही काळ चालू राहिली. २ आणे म्हणजे साडेबारा नवे पैसे, आणि पत्राचा दर झाला १३ नवे पैसे. त्यामुळे त्या महिन्यांतल्या पाकिटावर आण्याच्या तिकिटाशेजारी नव्या पैशाचं छोटं तिकीट जोडलेलं दिसलं तर ते बाजूला काढा. अशी मिश्र पाकिटं गठ्ठ्यात डोळ्यांखालून सहज निसटतात.

आता ठेवणं. पत्र आत असेल तर आतच राहू द्या. रबरबँड आणि टाचणी काढा, गंज लागलेली टाचणी ओढू नका, दोन्ही बाजूंनी कागद दाबून सरळ रेषेत बाहेर घ्या. सेलोटेप लावलेली असेल तर तिला हात लावू नका. ती सोलायला गेलात की वरचा थर सोलून येतो.

कुडाळकर_सुधा

बरं झालं विचारलं. काही पाकिटं अर्धी फाटलेली, वाळवीने खाल्लेली आहेत. त्यांचं?

पाकीटपंथी

शिक्का वाचता येत असेल तर तिकिटासह पूर्ण शिक्का राहील इतका मोठा तुकडा ठेवा. तोही नसेल तरच भिजवा.

भिजवताना: तिकिटाभोवती ५-६ मिलिमीटर कागद सोडून कापा. दातांजवळून कापू नका. लाल, हिरव्या, जांभळ्या पाकिटाचे तुकडे आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची अक्षरं असलेले तुकडे वेगळे काढा. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि सगळी तिकिटं रंगवून टाकतो. पसरट थाळीत साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या. गरम नको, फोटोग्राव्हरचा रंग आणि कागद दोन्ही मऊ पडतात. तुकडे चित्र वर ठेवून तरंगवा. पंधरा-वीस मिनिटांत गम सुटतो. तिकीट ओढायचं नाही, खालचा कागद सरकवायचा. मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात पालथं टाकून मागचा चिकटपणा बोटाने अलगद काढा. गम थोडाही राहिला तर वाळताना टीपकागदाला चिकटेल.

टीपकागदावर पालथं सुकवा, पंख्याखाली नाही. दमट असतानाच दोन टीपकागदांमध्ये घालून जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. पूर्ण वाळल्यावर दाबलं तर वळ्या जात नाहीत. आणि हल्लीची स्वतः चिकटणारी तिकिटं या थाळीत टाकू नका. त्यांचा गोंद पाण्याने नीट सुटत नाही, ती कागदासकट कापून ठेवलेली बरी.

दर्याकिनारी

कोकण आणि गोव्याकडच्या लोकांसाठी: आपल्याकडे तिकिटांचा खरा शत्रू पावसाळा आहे. दातांच्या टोकांवर तांबूस ठिपके दिसू लागतात, ती बुरशी. एका तिकिटावरून शेजारच्यावर जाते. असं तिकीट अल्बममध्ये परत लावायचं नाही, वेगळ्या पाकिटात ठेवायचं. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साईड वगैरे उपाय इंटरनेटवर भरपूर आहेत. त्याने ठिपका फिका होतो, पण कागद कमजोर होतो आणि रंग बदलतो. जाणकार खरेदीदाराला अतिनील दिव्याखाली ते लगेच कळतं.

कोऱ्या तिकिटांचा गम दमट हवेत पानाला चिकटतो. म्हणून अल्बम आडवे एकावर एक रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. फार घट्ट नको, फार सैल नको. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं. घट्ट झाकणाच्या मध्यम डब्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पिशव्या पुरतात. नारिंगी दाण्यांची घ्या, ओल शोषली की ते हिरवे होतात. मग १२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्या तिकिटांसोबत नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिक पानांना आणि गमला बाधते. स्वस्त मऊ पीव्हीसी पानंही नकोत. ती काही वर्षांत तेलकट होतात आणि शाई ओढून घेतात.

जून ते सप्टेंबर शक्यतो अल्बम उघडूच नका. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सावलीत, पानं पंख्यासारखी मोकळी करून तासभर हवा द्या. थेट उन्हात नाही.

गोव्याबद्दल आणखी एक, पारखायला उपयोगी. १९५४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं आणि त्यांची स्वतःची तिकिटं १८७१ पासून चालू होती. त्यामुळे शंभरीच्या तिकिटांवर पणजीचा १९५४ चा शिक्का दाखवून कुणी ‘दुर्मीळ’ म्हणत असेल तर ते पाकीट बनावट आहे. भारतीय टपाल गोव्यात डिसेंबर १९६१ नंतर आलं.

शिळाछाप

याच धर्तीवर: १९५४ ला महाराष्ट्र राज्यही नव्हतं. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ सापडेल, नागपूर तर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. त्या वर्षीच्या पाकिटाच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र राज्य’ छापलेलं असेल तर शंका घ्या.

चिमटा_भिंग

पहिल्या दिवसाच्या पाकिटांचं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेल्या एफडीसींचं काय? १ ऑक्टोबर १९५४ ची एफडीसी ऑनलाइन भरपूर दिसतात.

पाकीटपंथी

खरी भरपूर आहेत, म्हणून घाई करू नका. बघायच्या गोष्टी: शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग गेली आहे का? तिकिटाच्या कडेला रेघ तुटून किंचित सरकलेली असेल तर तिकीट नंतर लावलं आहे. पाकिटाचा कागद सगळीकडे सारखा पिवळा पडला आहे, पण छापील चित्राची शाई मात्र एकदम ताजी दिसते, असं असेल तर कोऱ्या जुन्या पाकिटावर चित्र नंतर छापलेलं असू शकतं. तिकिटाखालच्या गमचा तपकिरी डाग पाकिटाच्या आतल्या बाजूला थोडा उमटतो. ७० वर्षं चिकटलेलं तिकीट आणि आत काहीच खूण नाही, असं क्वचितच होतं.

विक्रेत्याकडून पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचं स्कॅन मागा, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. ६०० डीपीआय पुरे. देत नसेल तर सोडून द्या.

मागवताना पाकिटाच्या दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा घालायला सांगा, आणि पुठ्ठ्याला सेलोटेप आडवी गुंडाळू नका म्हणावं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं आहे, त्यामुळे ‘रजिस्टरने पाठवा’ असा जुना आग्रह आता धरता येत नाही.

वीणा_पुणे

एक विषय म्हणून मांडायचं ठरवलं तर, टपालाचे वर्धापन, किती जमेल?

आणेपै

छान विषय आहे. प्रदर्शनातली एक चौकट म्हणजे ए-फोर आकाराची १६ पानं. पहिलं पान शीर्षक आणि आराखडा. मी असं विभागेन:

१८५४ ला तीन पानं: निळा अर्धा आणा, जमला तर त्याचं पाकीट, आणि दरांचा तक्ता. ४ आण्यांचा हट्ट धरू नका, खर्च तिकडेच संपेल.

जागतिक टपाल संघाला दोन पानं. संघ ९ ऑक्टोबर १८७४ ला बर्नमध्ये स्थापन झाला, भारत १८७६ ला सामील झाला. ७५ व्या वर्षी, १० ऑक्टोबर १९४९ ला आपली चार तिकिटं आली: ९ पै, २ आणे, साडेतीन आणे, १२ आणे. शंभरीला १९७४ मध्ये २५ पैसे, १ रुपया आणि २ रुपये. त्यातलं पक्ष्यांचं १ रुपयाचं जरूर घ्या, सुंदर आहे.

मग १९५४ ला सहा पानं, हा गाभा. कोरा संच, चार-चारचे ब्लॉक (एकमेकांपासून न फाडलेली तिकिटं), जलचिन्हाची नोंद, एकेका मूल्याचं खरं वापरलेलं पाकीट आणि १९५७ चं मिश्र पाकीट.

हवाई टपालाला दोन. १८ फेब्रुवारी १९११ ला हेन्री पेके अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने घेऊन गेला. त्याच्या पन्नाशीला, १९६१ मध्ये, ५ नवे पैसे, १५ नवे पैसे आणि १ रुपया अशी तीन तिकिटं निघाली. शंभरीची तिकिटं २०११ ला.

उरलेल्या दोन पानांत २००४ ची शीट आणि खात्याचं माहितीपत्रक.

पानावर मजकूर कमी, पण नेमका. ‘दुर्मीळ’ हा शब्द लिहू नका. दर, तारीख, मार्ग लिहा. परीक्षक तेच वाचतात.

नाशिकरोड

नवी तिकिटं घेणाऱ्यांसाठी: स्मारक तिकिटं एकदाच छापली जातात, संपली की पुन्हा निघत नाहीत. रोजच्या वापराची तिकिटं मात्र पुन्हा पुन्हा छापतात. त्यामुळे पुढच्या वर्धापनाची तिकिटं हवी असतील तर जवळच्या फिलाटेलिक ब्युरोत (टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विक्री केंद्रात) ठेव खातं उघडा आणि कोरा संच, ब्लॉक, एफडीसी, माहितीपत्रक यांतलं काय आणि किती हवं ते फॉर्मवर लिहून द्या. मुंबईला जीपीओमध्ये ब्युरो आहे, पुणे, नागपूर आणि पणजीलाही सोय आहे. ब्लॉक घेताना तावाच्या समासासह मागा. समासावरची रंगांची खूण नंतर अभ्यासाला कामी येते, आणि खिडकीवर विचारल्याशिवाय ती कुणी आपणहून देत नाही.

कुडाळकर_सुधा

गठ्ठ्यात एक सापडलं: २ आण्याचं शंभरीचं तिकीट, शेजारी १ नव्या पैशाचं. शिक्का सावंतवाडीचा, एप्रिल १९५७. पाठीमागे मुंबईचा शिक्का, तारीख पुसट आहे.

पाकीटपंथी

हे वेगळं ठेवा, ताई. दोन पातळ, आम्लरहित कागदांच्या मध्ये, सपाट. मागच्या शिक्क्यावर टॉर्च आडवी धरा आणि मोबाइलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा, तारीख बहुतेक वाचता येईल. पेन्सिलीने गिरवू मात्र नका. दोन्ही बाजूंचं स्कॅन इथे टाका.